कानबाईचा रोट

प्रकाशा, श्रावण वद्य दशमी, शके १८५४. दिवेलागण.

कमळी आज शाळेत आली. धाकटा भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. वर्ग भरायच्या आधी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरजी, मन्हामुये भाऊ गया का?"

कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नसतो. हिने त्यातला तुकडा वर्गातल्या सोमीला दिला. सोमी उपाशी होती, आणि भुकेल्याला आपल्यातला घास द्यावा हे मीच वर्गात शिकवलं होतं. तेवढ्या तुकड्याने देवी कोपली, असं तिची आजी म्हणते.

"नाही गं पोरी, तुझ्यामुळे नाही, तो तापाने गेला."

"मंग आजी खोटं बोलस का?"

आता काय सांगायचं? नातू गमावलेल्या म्हातारीला खोटं ठरवू? मोठ्यांचा मान राखावा, हेही माझंच शिकवणं. घंटा द्यायला उठलो. मास्तर कसला मी! एवढासा रोटाचा तुकडा, पण माझ्या सगळ्या नीतिपाठांना पुरून उरला.

मधल्या सुट्टीत कमळीने भिंतीकडे तोंड करून भाकरी खाल्ली. सोमी तिच्याकडे फिरकलीच नाही. माठाकडे गेली, पोटभर पाणी प्यायली आणि वर्गात येऊन बसली.