चौदा बोल्ट आणि माझे बूट

१४ जून, शनिवार

आज कड्यात दोर अडकवायचा चौदावा बोल्ट ठोकला. चढाईचा रूट तयार! अकरा महिने, आठवड्यातून एकदा सलूनला कुलूप लावून, मी एकट्याने आमच्या सुएस्का गावच्या रेल्वे रुळाकडच्या कड्याला भोकं पाडली. बोल्ट कोणीही ठोको, जो पहिल्यांदा न पडता वर जाईल त्याने रूटचं बारसं करायचं, असा आमच्या कड्यावरचा नियम. अर्थात पहिला मीच जाणार. नाव ठरलंय : 'नोहोरा'.

२० जुलैला आमचा स्वातंत्र्यदिन. गाव कड्याखाली जेवायला जमतं. त्यांच्यादेखत चढायचं, वरून नाव ओरडायचं, खाली येऊन दूध-चीजवाल्या नोहोराला लग्नाचं विचारायचं. खालून माझा दोर तीच धरणार. योजनेत खोट काढून दाखवा.

आजही तिनेच धरला होता. खाली येऊन मी चढाईचे बूट काढले तशी ती सात पावलं मागे सरली. लाजली बिचारी.

१५ जून

लाजली नव्हती म्हणे. सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन सलूनच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "सुमेर्से, त्या बुटांचा वास घालवा. नाहीतर वीस जुलैला दोर धरायला दुसरं कोणी बघा."

मी पुढचं ऐकलंच नाही. 'सुमेर्से' ऐकलं. आमच्या डोंगरात मायेने आणि मानाने 'आपण' म्हणायचं तर सुमेर्से म्हणतात. तीन वर्षं ती मला असंच म्हणतेय. आणखी बोलायचं काय राहिलं? गाईलाही म्हणते, पण तो सूर वेगळा.

बाकी वास म्हणजे अनुभव. सात वर्षांचे बूट, तेही मोज्यांशिवाय घालायचे; गुलाबपाण्याचा वास कसा येईल? पायांच्या वासाला आमच्याकडे 'पेकुएका' असा खास शब्द आहे. मी चौकातून जाताना लोक तो हमखास उच्चारतात. कोणाबद्दल बोलतात कोण जाणे.

१८ जून

खायचा सोडा, अर्धा किलो. वर सहा लिंबं पिळली. बुटांतून फेस आला, टेबलावरून उतरून दारापर्यंत गेला. फेस आला म्हणजे घाण निघाली. उद्या खेळ खल्लास.

१९ जून

खल्लास नाही. लिंबाचं लोणचं नासल्यासारखा वास येतोय. पण वासात बदल झाला, हे मान्य करायला हवं.

२४ जून

मी न्हावी. तुरटी घरची, दाढीनंतर लावायचं कोलन घरचं, आणि मी सोडा शोधत फिरतोय! काखेत कळसा. दोन्ही बुटांत तुरटीची पूड, वर अर्धी बाटली कोलन.

दुपारी एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठून गेलं. जाताना म्हणालं, लग्नघरात उंदीर मेल्यासारखं वाटतंय. लग्नाचा उल्लेख शुभ मानतो.

३० जून

सलूनमध्ये गर्दी कमी. पाऊस असावा. पाऊस नाही, पण वारा आहे.

३ जुलै

शास्त्रीय उपाय सापडला! थंडीत जंतू मरतात. माझ्याकडे फ्रीज नाही. नोहोराच्या गोठ्यामागे मोठा आहे, त्यात ती ताजं चीज ठेवते. तिला सरप्राइज द्यायचं म्हणून गुपचूप बूट वर्तमानपत्रात गुंडाळून चीजच्या मागे ठेवले. तीन दिवस पुरेत.

६ जुलै, रविवार, बाजार उरकल्यावर

अनर्थ. नोहोराचं चीज तीन बायकांनी परत आणलं. एकीने तर तिच्या तोंडावर नाक मुरडलं. पंचवीस वर्षं नोहोरा चीज करतेय, असं कधी झालं नव्हतं. तिला वाटलं गाय आजारी. जनावरांचा डॉक्टर आला, त्याने गाईच्या तोंडात हात घातला. नोहोरा गाईच्या मानेला मिठी मारून रडली. मी गाईचं दावं धरून धीर देत होतो. बुटांचं सांगायला मात्र तोंड उघडेना.

बूट हळूच काढून आणले. गारठलेला वास आणखी ताजा लागतो, ही माहिती नवी.

९ जुलै

तिला फ्रीजमध्ये माझ्या बुटाची लेस सापडली. सलूनमध्ये आली, लेस आरशासमोर ठेवली. एकच वाक्य बोलली, "तुमची आहे."

तुमची! गाईला अजून सुमेर्से, आणि मला नुसतं तुम्ही. आज दोन जणांचे कल्ले वाकडे कापले.

१२ जुलै

गोठ्यात जाऊन माफी मागितली. तिची, मग गाईची. तिने आधी गाईचं दूध काढून संपवलं. मग म्हणाली की वीस तारखेला ती स्वतः आधी बूट हुंगून बघेल. वास आला तर दोर धरणार नाही, आणि पुन्हा कधीच नाही.

म्हणजे नाही म्हणाली नाही!

१८ जुलै, सकाळ

बेकरीवाल्या तेल्मोच्या पाया पडलो. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी तासभर गरम असते. त्याने आधी हाकललं. मी आयुष्यभर फुकट दाढीचं वचन दिलं, तेव्हा भट्टीचं सगळ्यात मागचं टोक दाखवलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

चाळीस मिनिटं बूट भाजले. वास गेला! शप्पथ गेला! मी स्वतः नाक आत घालून बघितलं, गरम पावाचा वास येतोय. मी तेल्मोला मिठी मारली, त्याने मारू दिली.

तेल्मो म्हणाला, बुटाचा तळवा पुढून जरा उघडल्यासारखा वाटतोय. मी म्हटलं, बूट खूश आहेत, हसतायत.

२० जुलै, रविवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

अख्खा गाव हजर. तेल्मोचं बटाट्याचं सूप मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. नोहोराने सगळ्यांसमोर बूट उचलला, हुंगला, थांबली, परत हुंगला. म्हणाली, "वास नाही, सुमेर्से." माझे पाय जमिनीवर टेकत नव्हते, आणि मग खरंच टेकवले नाहीत, चढायला लागलो.

नवव्या बोल्टपर्यंत वाऱ्यासारखा गेलो. दहाव्याला उजवा पाय वर उचलला. पाय आला, बुटाचा तळवा खडकालाच चिकटून राहिला. डिंक भट्टीत वितळला होता. मी सुटलो, दोराला लटकलो. डावा तळवाही निखळला आणि सरळ सूपमध्ये.

तेवढ्यात तळव्यामागे सात वर्षं कोंडलेला वास मोकळा झाला. खालचा गाव रुळापलीकडे गेला, जेवण तिथेच टाकून. एकटी नोहोरा राहिली. दोन्ही हात दोरावर, त्यामुळे तिला नाक धरता येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी दोर सोडला नाही. मला हात-हातभर दोर देत अलगद खाली उतरवलं. इतकं प्रेम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग तिने दोर माझ्या हाती दिला, स्वतःचे बूट चढवले आणि माझा रूट एका दमात, न पडता चढली. वरून नाव ओरडली. वाऱ्याने आवाज पलीकडे नेला, मला ऐकू आलं नाही, पण रुळापलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली आल्यावर हळूच म्हणाली, "तुमच्यावरूनच ठेवलंय, सुमेर्से."

२१ जुलै

माझ्या नावाने रूट! एवारिस्तो! लोक दुरून हात हलवून अभिनंदन करतायत. ती नक्की काय ओरडली ते विचारलं नाही, नम्रता म्हणून. तळवे नसलेले बूट पुरून टाकले, दाढी दोनदा केली. उद्या कड्यापाशी नावाची फरशी बसवणार. तिथेच तिला विचारतो.

२२ जुलै

फरशी बसली. अक्षर नोहोराचंच, सुरेख. 'पेकुएका.' खाली बारीक अक्षरात : बोल्ट एवारिस्तो, चढाई नोहोरा.

मला रडू आलं. खोटं कशाला लिहू? पण दोघांची नावं एका ओळीत आहेत हेही दिसलं. म्हणून तिथेच गुडघ्यावर बसलो आणि विचारलं. पाय स्वच्छ धुतलेले, नव्या चपला. बुटांचा जगात मागमूस नाही.

ती हसली. वाकून माझा हात धरला. "सुमेर्से," म्हणाली, आणि मग श्वास घेतला.

हात सोडून सात पावलं मागे सरली. मी मोजली. मग तिथूनच, प्रेमाने, ओरडून म्हणाली की विचार करून सांगते.

उद्या सोडा आणायचा. बुटांना नाही.