आमचुराचा गार चहा

शहादा, वैशाख

प्रिय नमन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. पाकिटासाठी सही करावी लागेल, म्हणजे निदान हातात तरी घेशील. रिनाचे आईवडील आपल्याकडे येऊन गेले, एवढं तिनं तुला कळवलं असेल. पुढचं तिनं मुद्दाम सांगितलं नाही. म्हणाली, जीजी, सगळं तुमच्यासमोर झालं, तुम्हीच लिहा. तेव्हा पंखा लाव आणि नीट बसून वाच. मधलं गाळून शेवट बघायची तुझी खोड मला माहीत आहे, आज ती चालवून घेणार नाही.

होळीला तू बाबूजींना धडगावच्या वर, रिनाच्या वडिलांच्या, आमशाकाकांच्या पाड्यावर घेऊन गेलास. त्यांनी प्रेमानं पाणी पुढे केलं आणि बाबूजींनी गाडीतून स्वतःचा उकळलेल्या पाण्याचा गडू मागवला. ते तुला इतकं लागलं की तू तिथूनच सुरतेला निघून गेलास. आमशाकाकांनाही लागलंच होतं. त्यांनी रिनाला सांगितलं, मी एकदाच शहाद्याला जाईन. दोन्ही बाप एका भांड्यातलं प्याले तर सोयरीक, नाही तर हा विषय बंद. लोणखेड्याला कॉलेजच्या फाटकाशी भेटून रिनानं हे मला सांगितलं, तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. बाबूजींपुढे मी विषय काढला तर हिशेबातून डोकं वर न काढता म्हणाले, येऊ देत, भेटेन, पण शब्द देणार नाही.

आता मला सांग, भांड्यात ठेवायचं काय? त्यांच्याकडे अशा वेळी मोहाची असते, आपल्या घरात तिचं नावही चालत नाही. दुधाचा चहा रिनाच्या आईला, फुलवंताकाकूंना आवडत नाही, त्या कोराच पितात. सरबताला बर्फ लागतो, तो बाबूजींना चालत नाही. आलं घालावं तर तो जमिनीतला कंद, आपल्या जैन घरात चालत नाही. शेवटी मला त्या पिशवीची आठवण झाली. मागच्या वर्षी काकूंनी तुझ्याबरोबर वाळवलेल्या कैरीच्या फोडी पाठवल्या होत्या, तो आमचूर मम्मीनं कोठीच्या फळीवर तसाच बांधून ठेवला होता. मी तो भिजवला, गूळ आणि बडीशेप घालून उकळला, कोऱ्या चहात गाळला. कडू होऊ नये म्हणून पत्ती लगेच काढली. वरून मोसंबीचा रस, डाळिंबाचे दाणे. पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पाण्यात ठेवलं आणि दर थोड्या वेळानं फडकं भिजवत राहिले. रंग असा सुंदर आला होता की मम्मी दोनदा झाकण उचलून बघून गेली.

त्यांना दुपारी यायचं होतं. घाटात जीप बंद पडली. म्हसावदला पोचल्याचा रिनाचा फोन आला तेव्हा समोरच्या जिनिंग मिलच्या पत्र्यावर ऊन तिरपं झालं होतं. सूर्य बुडाला की बाबूजींच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही, हे तुला काय सांगायचं. तापात औषधाची गोळीही त्यांनी सकाळपर्यंत ठेवलीय. मी दारात आणि खिडकीत नुसत्या येरझारा घालत होते. बाबूजी मात्र झोपाळ्यावर शांत बसलेले. त्यांची ती शांतता बघून माझं डोकं तडकलं, खरं सांगते.

पाहुणे आले, हातपाय धुऊन बसले, तेव्हा थोडंसंच ऊन उरलं होतं. मी एकाच तांब्यातून दोन पेले भरले, एक आमशाकाकांना दिला, एक बाबूजींना. आणि दोघंही पेला हातात धरून बसून राहिले. बाबूजी म्हणाले, घ्या. काका म्हणाले, तुम्ही घ्या. आपल्याकडे पाहुण्याच्या आधी यजमान तोंड लावत नाही. काकांच्या घरी यजमान पहिला घोट घेतो, मग पाहुणा. हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! मला एवढंच दिसत होतं की काकांचा चेहरा कठीण होत चाललाय आणि बाबूजी मधूनच खिडकीकडे बघतायत. माझ्या मनात आलं, हे मुद्दाम वेळ काढतायत. सूर्य बुडेल, नियम आडवा येईल आणि यांना तोंडानं नाही म्हणावंही लागणार नाही. नमन, त्या क्षणी मला बाबूजींचा इतका राग आला की तांब्या मी आपटूनच खाली ठेवला.

पत्र्यावरचं ऊन गेलं. बाबूजींनी पेला खाली ठेवला. आमशाकाकांनीही ठेवला आणि ते उठले. त्यांच्यामागे काकू उठल्या, रिना उठली. काका उंबऱ्यापर्यंत गेले असतील तेव्हा बाबूजी झोपाळ्यावरून उठले आणि आडतीत गिऱ्हाइकांशी बोलतात त्या अहिराणीत म्हणाले, "जाऊ नका. हाऊ मन्हा नेम शे, नकार नही. आज मुक्काम करा, सकाय पिऊत." आपल्या घरी व्यापारी सोडून आजवर कोणी मुक्कामाला राहिलंय का, आठव बरं.

काका उंबऱ्यातून वळले. मग परत आले, बसले आणि भरलेला पेला माझ्याकडे देत म्हणाले, "मंग मी बी आते नही पेत." आणि खरंच, वैशाखाच्या त्या उकाड्यात त्या माणसानं सकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. मम्मीनं आधी करून ठेवलेलं जेवण काकूंना आणि रिनाला वाढलं, काकांनी ताटाला नमस्कार केला फक्त. कोण आधी पिणार यावरून काय घोळ झाला, तो रिनानं आणि मी जेवणं झाल्यावर भांडी घासताना उलगडला आणि आपापल्या बापाच्या कानावर घातला.

सकाळी पुन्हा पंचाईत. कालचा चहा रात्र ओलांडलेला, वासी, तो बाबूजींना कसा चालणार? तो ओतून द्यावा लागला आणि पिशवीतला आमचूर तर संपलेला. माझा चेहरा बघून फुलवंताकाकूंनी काही न विचारता गाठोडं सोडलं. या वर्षीचा आमचूर आणला होता, काल द्यायचा राहून गेला होता. सगळा चहा त्यांनी माझ्या शेजारी बसून केला. बाबूजींचं पाणी कसं गाळायचं, किती उकळायचं, हेही मम्मीला दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं, सहज विचारतायत.

ऊन वर आलं, बाबूजींचं सकाळचं पच्चक्खाण पाळून झालं, आता त्यांना पाणी चालणार होतं. या वेळी यजमानानं पेला आधी उचलला. एक मोठा घोट घेतला आणि आमशाकाकांकडे बघितलं. काकांनी आपला पेला एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितला. मी आत जाऊन मोकळेपणी रडले, आणि रिनाही आली.

आता हे सगळं लिहायला मला कोणी बसवलं ते ऐक. बाबूजींनी. तुझ्याशी फोनवर त्यांना बोलवत नाही, दोनदा नंबर लावून त्यांनी फोन खाली ठेवला. येत्या पौर्णिमेला त्यांना पाड्यावर बोलावलंय आणि त्यांनी मला तुला एवढंच विचारायला सांगितलंय की, तू त्यांच्याबरोबर येशील का. सामान भरताना मी नेहमीसारखा त्यांचा पाण्याचा गडू घासून पिशवीत ठेवला होता. त्यांनी तो स्वतः बाहेर काढला आणि म्हणाले, राहू दे, तिथे फुलवंताबाई पाणी उकळून ठेवणार आहेत. गडू आता कोठीच्या फळीवर आहे. तू ये, आणि सूर्य असताना ये, म्हणजे त्यांना तुझ्याबरोबर जेवता येईल.

तुझीच,
रूपल जीजी