पहिल्या तारखेला कोणी उभं राहत नाही

चँडलर, अ‍ॅरिझोना
शनिवार दुपार

ती. सुवर्णा मावशीस,

हर्षिताचा जयभीम. तुझी साखर किती निघाली ते कळव, खरी कळव, आईला सांगतेस ती नको. आम्ही इथे मजेत आहोत असं लिहिणार होते, पण तू चाळीस वर्षं कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केलेस, माणूस खोटं सांगतोय हे तुला पहिल्या ओळीतच कळतं, म्हणून ती ओळ सोडून देते. इला बरी आहे, आता आईपेक्षा जास्त इंग्लिश बोलते. तुझा जावई राकेशही बरा आहे, त्याला अजून काही माहीत नाही म्हणून बरा आहे.

फोन का नाही केला म्हणशील. घरी राकेश असतो, आणि आत्ता मी बसलेय डायलिसिसच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. घाबरू नको, डायलिसिस माझं नाही, शेजारच्या काकूंचं आहे. त्यांना आत घेतलं की चार तास बसायचं. एका बाजूला इला माझ्या पेनांची टोपणं चावतेय, दुसऱ्या बाजूला काकूंचे मिस्टर गुरुनाथ काका डोळे मिटून बसलेत, पण जागे आहेत. (चौतीस वर्षं एसटीत नोकरी केलेला माणूस, डुलकीतसुद्धा त्यांना स्टॉप कळतो.) त्यांच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. झालं की फोटो काढून पाठवते.

मी यांना गाडीतून का आणते ते सांगायचं तर तुझ्यापासूनच सुरुवात करावी लागते, पण आधी कॉलेजचं सांगते. मी नाव घातलं ते तुला माहीतच आहे. वकील नाही व्हायचं, वकिलाच्या हाताखालचं काम शिकायचं. कागद लावायचे, फॉर्म भरायचे, तारखा सांभाळायच्या. पॅरालीगल म्हणतात. तू झाडाखाली करतेस तेच, फक्त खुर्चीला चाकं असतात आणि डोक्यावर कावळे नसतात. बारावीला दोनदा बसलेल्या बाईला घेतील असं वाटलं नव्हतं, पण घेतलं. पहिल्या दिवशी आमच्या बाईंनी, मिस कार्व्हर त्यांचं नाव, एकच गोष्ट फळ्यावर लिहिली आणि अख्खा तास तीच सांगितली. तुम्ही वकील नाही. फॉर्म भरून द्या, तारीख वाचून दाखवा, पण कोणाला जा किंवा जाऊ नका हे सांगायचं नाही. मागच्या वर्षी एका मुलीने स्वतःच्या मावसभावाला सल्ला दिला तर तिला कोर्समधून काढलं. मी ते वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि घरी आले.

आता तूच सांग, आपल्या लोकांत हे कसं जमायचं. हर्षिता लॉ शिकते म्हटल्यावर जो तो दार वाजवतो. खालच्या मजल्यावरची सिया विचारते, घरमालक ओव्हन दुरुस्त करत नाही, केस टाकू का. मी म्हणते मला सांगता येत नाही. ती म्हणते, चार महिने नाही झाले शिकायला तर एवढा भाव. मग मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हा कायदेशीर सल्ला नाही' म्हणायची सवय लावून घेतली. परवा राकेशला म्हणाले, आमटीत मीठ कमी वाटलं तर वरून घे, हा कायदेशीर सल्ला नाही.

पण जिथे म्हणायचं तिथे म्हणाले नाही. गुरुनाथ काकांना पोलिसाने तिकीट दिलं, म्हणजे दंडाची पावती. इथे लाल दिवा असला तरी उजवीकडे वळता येतं, पण आधी पूर्ण थांबायचं असतं. काका म्हणतात थांबलो, पोलीस म्हणतो नुसती हळू केली. दंड भरला असता तर मिटलं असतं, पण काकांना ते मान्य नाही. चौतीस वर्षांत माझ्या नावावर लाल शेरा नाही, मी जज्जासमोर उभा राहणार, म्हणाले. तिकिटावरच कोर्टाची तारीख होती. आदल्या दिवशी संध्याकाळी ते कागद घेऊन आले. शर्टाला इस्त्री करून झाली होती, बूट पुसून झाले होते. काय वकीलीणबाई, उद्या किती वाजता निघू म्हणता? मी पोहे परतत होते, इला कडेवर, गॅसजवळ हात घालत होती. आणि मावशी, माझ्या तोंडातून तुझा आवाज निघाला. मी म्हणाले, काका, पहिल्या तारखेला कोणी उभं राहत नाही. पुढची तारीख देतात. तुम्ही घरी आराम करा.

तुझ्या शेजारी बसून मी लहानपणापासून हेच ऐकलं ना. शेतकरी यायचा घाईघाईने, धापा टाकत, आणि तू चष्म्यावरून बघून म्हणायचीस, पहिली तारीख आहे ना, मग चहा पी. आणि खरंच काही व्हायचं नाही. साहेब रजेवर, नाहीतर समोरचा वकील रजेवर, नाहीतर कागदच सापडायचा नाही. मला वाटलं कोर्ट म्हणजे कोर्ट, कुठलंही असो.

इथे पहिल्याच तारखेला नाव पुकारतात. काका नव्हते. पाच मिनिटांत निकाल लागला आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं, लायसन्स बंद. त्यांची मुलगी पद्मिनी आठवड्याचे चार दिवस कामासाठी बॉथेलला असते, विमानाने जाते-येते. काकूंचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यांना काकाच सोडायचे. पद्मिनीला सांगायची काकांची हिंमत नाही (कळलं तर गाडीची किल्ली कायमची काढून घेईल म्हणतात), राकेशला सांगायची माझी नाही. म्हणून आता मी सोडते. राकेशला वाटतं शेजारधर्म.

माझं लायसन्स आत्ता जूनमधलं आहे. काका शेजारी बसतात आणि त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबतात. लाल दिव्याला उजवीकडे वळायचं असलं की मला पूर्ण थांबवून वीसपर्यंत मोजायला लावतात. मागच्या गाड्या हॉर्न मारतात, इथे कोणी हॉर्न मारत नाही, आम्हाला मारतात. मागून इला इंग्लिशमध्ये मोजते, ट्वेंटीला टाळी वाजवते आणि गो म्हणते. काकू मागे खिडकीबाहेर बघत असतात. एकदाच म्हणाल्या, मी मेले तर दिव्यापाशीच मरेन.

आता खरी भानगड. कोर्टाच्या खिडकीवर एक फॉर्म मिळतो, केस पुन्हा उघडा म्हणून. मंगळवारपर्यंत द्यायचा. त्यात एक चौकोन आहे: तारखेला का आला नाहीत. काका म्हणाले, लिही जुलाब झाले, नागपूरचा माझा मित्र डॉक्टर आहे, मोबाईलवर सर्टिफिकेट पाठवेल. मी म्हणाले, काका, नागपूरचा डॉक्टर तुम्हाला कसा तपासेल? ते म्हणाले, मग लिही नागपूरला होतो. मी म्हणाले, मग विमानाचं तिकीट मागितलं तर काय दाखवणार? त्यावर ते बराच वेळ चहा ढवळत बसले. त्यात साखर नव्हती.

शेवटी मी खरं टाइप केलं. 'माझ्या शेजारणीने सांगितलं की पहिल्या तारखेला जायची गरज नसते. मी विश्वास ठेवला.' काकांनी वाचलं आणि म्हणाले, शेजारीण खोड, पोरीचं नाव कशाला. मी म्हणाले, नाव इथे नाहीच. नाव खाली आहे. फॉर्मच्या तळाशी विचारलंय की हा भरायला कोणी मदत केली, सही करा. म्हणजे शेजारीण पण मीच आणि लिहिणारी पण मीच, दोन्ही एकाच कागदावर. ते मिस कार्व्हर बाईंपर्यंत गेलं की माझं झालं. जुलाब लिहिले तर कोणाला कळणार नाही, पण मग मी कोर्टाला खोटं टाइप करून दिलं, आणि तेच काम मी आयुष्यभर करायचं म्हणतेय. कागदावर नाव आलं की ग्रीन कार्डाला काही होतं का, हेही कळत नाही. विचारायचं कोणाला, तर बाईंनाच.

काकांनी सही केली आहे. माझी सही राहिली आहे. फॉर्म तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय, तीन दिवस झाले. काल न राहवून बाईंना ईमेल केली, सगळं लिहिलं. अजून उत्तर नाही. मी दर दोन मिनिटांनी फोन बघते. काकांना वाटतं मला वेळेची फार काळजी.

काकूंना बाहेर आणतायत. थांबते.

तुझी,
हर्षिता

ता.क. तू विचारशील, एवढं सगळं कशाला लिहिलं. एक काम आहे. मला तुझ्याकडून कागद हवाय. तू इतकी वर्षं कोर्टाबाहेर बसतेस आणि तिकडे पहिल्या तारखेला खरंच कोणी उभं राहत नाही, एवढंच लिहून दे. म्हणजे मी मनचं सांगितलं नाही हे बाईंना दाखवता येईल. साध्या कागदावर चालेल, शंभराचा स्टॅम्प आणू नको. तुझ्यावर काही येणार नाही. (हा कायदेशीर सल्ला नाही.)

ता.क. शनिवार संध्याकाळ. दुपारचे फोटो पोचले असतील, हे पुढचं. बाईंचं उत्तर आलं. एकच ओळ. सोमवारी सकाळी नऊला माझ्या ऑफिसात या, फॉर्म घेऊन या. वर डियर नाही, खाली थँक यू नाही. राकेशला सांगून टाकलं. तो म्हणाला, म्हणजे दोन महिने मी शेजारधर्माचं कौतुक करतोय ते काय होतं? मग म्हणाला सोमवारी सुट्टी टाकतो, इलाला बघतो. एवढंच बोलला, पण भांडी त्यानेच घासली.

ता.क. रविवार. मावशी, तो कागद नको पाठवू. टाइप केला असशील तर फाडून टाक. तू मला सांगितलं ते शेतकऱ्याचं, तिकडचं. काकांना सांगितलं ते मी, गॅसपाशी, न विचार करता. आत्ता तांदळाचा डबा उचलला आणि सही केली. बाईंना एवढंच सांगणार. सोमवारी इथले नऊ म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. तू गोळी घेऊन लवकर झोपतेस, पण त्या दिवशी झोपू नकोस. मी बाहेर आले की आधी तुला फोन करणार, आणि तू उचलला नाहीस तर मला कोणाशी बोलायचं ते सुचणार नाही.