टाकीच्या वर देवघर

६ जानेवारी, सोमवार. पहाटे.
शेजारच्या व्यंकटरावानं दुसरा मजला चढवला. लातुरात क्लासला पोरं येतात, त्यांना खोल्या भाड्यानं देणार. मजल्यावर काळी टाकी. तिचं पाणी संडासाला जातं आणि ती माझ्या देवघरापेक्षा वर! किळस आली. गळ्यातलं इष्टलिंग पूजेला तळहातावर घेतलं तरी डोळ्यांपुढं टाकीच. राग मात्र नाही. राग मी श्रावणातच सोडला.

९ जानेवारी
पोरं गॅलरीत दात घासतात आणि माझ्या बेलाच्या रोपावर थुंकतात. व्यंकटरावाला सांगितलं. म्हणाला, "अप्पा, डॉक्टर होणारी पोरं हायेत. थुंकी बी स्वच्छच असंल." वर हसला. शी! संकल्प: देवघर टाकीच्या वर न्यायचं. महाशिवरात्रीची पूजा तिथंच.

१५ जानेवारी
जिलानी मिस्त्रीला बोलावलं. गच्चीवर उंच लोखंडी खांब, त्यावर पत्र्याची खोली, चढायला शिडी. त्यानं परवानगीचं विचारलं. मी म्हणालो, देवाच्या कामाला कोण अडवतंय?
रत्नम्मा म्हणाली, "अहो, लिंग तर तुमच्या गळ्यात हाय. तुमी खाली बसला की देव बी खालीच. वर नुसते गुडघे दुखायला जायचं का?"
तिला उंचीतलं कळत नाही.

२ फेब्रुवारी
देवघर झालं. कळस टाकीपेक्षा हातभर उंच. ओल्या धोतरानं चढताना पाय सटकला. भस्माचा डबा व्यंकटरावाच्या स्कूटरवर. त्यानं प्रसाद समजावा.

५ फेब्रुवारी
वरून पोरांच्या चड्ड्या-बनियन दोरीवर अगदी समोर दिसतात. खालून दिसत नव्हत्या. डोळे मिटले तरी दिसतात. महापालिकेत अर्ज दिला: आमच्या गल्लीत उंचीची मर्यादा आहे, जादा उंचीचं बांधकाम, कुणाचंही असो, तात्काळ पाडावं. 'कुणाचंही असो' मुद्दाम लिहिलं. मनात आकस नाही हे दिसावं.

१७ फेब्रुवारी
इंजिनिअर आला. व्यंकटरावाचं घर नियमात निघालं. परवानगीसुद्धा आहे म्हणे. मी टाकीकडे बोट दाखवलं. म्हणाला, पाण्याची टाकी उंचीत धरत नाहीत. काय हे नियम!
मग माझ्या गच्चीकडे बघून म्हणाला, "हे काय हो, अप्पा?"
देवघर, मी छाती फुगवून सांगितलं. त्यानं चप्पल काढली, कळसाला हात जोडले आणि टेप लावला.

२१ फेब्रुवारी
नोटीस मला. त्यात माझेच शब्द: कुणाचंही असो. व्यंकटराव फाटकातून ओरडला, "अप्पा, आता शिवरात्रीला कुठं चढायचं?" मी मौन धरलं. मौनात तेज असतं. त्याला दिसलं नाही.

२४ फेब्रुवारी
जिलानीनं खोली उतरवली. मजुरीच्या बदल्यात खांब घेऊन गेला. जाऊ दे. लोखंडाचा मोह मला कधीच नव्हता.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पूजा स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी. लिंग तळहातावर. डोळे मिटले तोच रत्नम्मा, "सरका जरा, भगर उतू चालली."
बाहेर ठोकाठोक. जाऊन बघितलं. व्यंकटराव गच्चीवर दुसरी टाकी बसवून घेत होता. पहिलीपेक्षा उंच. खाली माझेच खांब. जिलानी वरून ओरडला, "अप्पा, लई मजबूत हायेत हो!"
हे कुणी मोजायला येणार नाही. टाकी उंचीत धरत नाहीत.