माहेर, जाऊबाई आणि सासूबाई

३ नोव्हेंबर

आठ जण आले आज दुकानात, लाटांवर उभं राहायच्या फळ्या भाड्यानं घ्यायला, सगळे एकाच कचेरीतले. आठांच्या आठांनी फॉर्मवर 'तरबेज' लिहिलं. साहेबांनी आधी लिहिलं, मग बाकीच्यांची काय बिशाद! मुलानं गठ्ठा माझ्यापुढे धरला. मला अक्षर येत नाही हे त्याला पन्नास वर्षं ठाऊक आहे, तरी धरतो. गिऱ्हाइकांना बरं वाटतं म्हणे.

मी फॉर्म बघत नाही, पाय बघते. दुकानाला सात पायऱ्या आहेत, बारा महिने ओल्या. खाली माझी खुर्ची. उतरताना जो पायाकडे बघतो तो पहिल्या किनाऱ्याचा. जो फोनकडे बघतो तोही पहिल्याच किनाऱ्याचा, फक्त त्याच्याबरोबर एक माणूस द्यायचा. जो कुठेच न बघता उतरतो आणि खाली येऊन मुकाट्यानं पाण्याकडे बघत उभा राहतो, त्याचं काहीतरी होईल.

किनारे तीन. माहेर — कमरेइतकं पाणी, खाली वाळू, कितीदा पडलात तरी कोणी बोलत नाही. जाऊबाई — समोरून गोड हसते आणि बाजूनं ओढून नेते. सासूबाई टेकडीच्या पलीकडे, दुकानातून दिसत नाही. वरून शांत, पोटात खडक. ही नावं मुलानं ठेवली की सुनेनं, यावर घरात अजून एकमत नाही. मी सांगते आणि सूनबाई लिहिते, तर ती आता हसतेय. हसतेय असंही लिही.

माहेरला पांढरी दोरी, जाऊबाईला पिवळी, सासूबाईला लाल. मनगटाला मी स्वतः बांधते. साहेबांना पांढरी बांधली. त्यांच्या कचेरीत टपाल वाटणाऱ्या बाईंना पिवळी. साहेब म्हणाले, काहीतरी चूक होतेय. मी म्हटलं, होते कधीकधी, फॉर्म भरताना.

४ नोव्हेंबर

साहेब काल माहेरीसुद्धा तीनदा खारं पाणी प्याले. आज आले ते न बोलता मनगट पुढे करूनच.

७ नोव्हेंबर

भिंगरीला पत्र आलं. भिंगरी म्हणजे माझी नात, वय वर्षं वीस, पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून भिंगरी. दूरच्या एका किनाऱ्यावर लाटांवर उभं राहायला शिकवायची मोठी शाळा आहे. त्यांनी शिकवायला बोलावलंय. राहायला खोली, पगार, वर्षाची बोली. पंचवीस तारखेच्या आत हो की नाही कळवायचं. अट एकच — अवघड, खडकाळ पाण्यात हात बसलेला हवा.

मुलगा जेवताना म्हणाला, "आजीनं लाल दोरी बांधली, की जा." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी प्याले. म्हटलं, बघू.

दुकानाच्या चौदा वर्षांत मी एकालाही खोटी दोरी बांधलेली नाही. मंत्र्याच्या मेव्हण्याला पांढरी बांधली होती. एका नव्या जोडप्यात नवऱ्याला पिवळी आणि नवरीला लाल बांधली होती, आणि त्यांचा संसार अजून चालू आहे.

१० नोव्हेंबर

भिंगरी जाऊबाईवर गेली. मी खुर्चीतून पाहिलं. जाऊबाई बाजूनं ओढत होती आणि पोरगी तिच्याशी गप्पा मारल्यासारखी वळत होती. एकदा तर फळीवर उभ्या उभ्या केस बांधले!

वर आली, ओलीचिंब. मनगट पुढे.

म्हटलं, "डावा पाय कच्चा आहे अजून."

"डावा?"

"डावाच."

ती 'बरं' म्हणाली आणि फळी धुवायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर

आज एक तरुण आला. स्वतःची फळी, फळीवर देशोदेशीची चित्रं चिकटवलेली, काळा चष्मा डोक्यावर. सासूबाईच हवी म्हणाला. दहा मिनिटं सांगत होता, कुठे कुठे किती उंच लाटा घेतल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार. मी पांढरी बांधली. भडकला. "आजी, तुम्ही स्वतः कधी पाण्यात गेलात का?"

म्हटलं, "गुडघ्यापर्यंत. पण तुम्ही लोक फक्त सुरुवात बघता, बाळ. तुम्हाला बाहेर काढल्यावर टॉवेल गुंडाळून चहा मी पाजते. मला शेवट ठाऊक असतो."

त्याच्या मागे एक बाई उभ्या होत्या, चाळिशीच्या, दातांच्या डॉक्टर. त्यांनी एवढंच विचारलं, "वारा किती वाजता फिरतो?" लाल! हात पुढे करायच्या आधीच मी दोरी काढली होती.

चष्मेवाला संध्याकाळी चहाला आला. दोन कप प्याला.

१५ नोव्हेंबर

घरात चालणं मुश्कील झालंय. भिंगरी डाव्या पायावर उभी राहून दात घासते. डाव्या पायावर उभी राहून भांडी घासते. काल फोनवर मैत्रिणीशी अर्धा तास बोलली, बगळ्यासारखी. मुलगा म्हणतो, या घरात माणसं कमी आणि पाणपक्षी जास्त. सगळे हसले. मीही हसले, पण घास कडू लागला.

१६ नोव्हेंबर

"आजी, आता बघ." बघितलं. म्हटलं, थोडा राहिलाय.

१९ नोव्हेंबर

आज सूनबाईला सांगितलं, लिहिण्याआधी. की डाव्या पायाला काहीही झालेलं नाही. दोन्ही पाय सोन्याचे आहेत. खोट माझ्या तोंडात आहे.

सकाळी माझी खुर्ची भिंगरी खाली नेते. खुर्ची काय, कोणीही नेईल. पण ती नेताना रोज विचारते, "आजचा पहिला बकरा कसा असेल?" मी सांगते — टकला, मोठ्या आवाजाचा, बायको मागे. मग दोघी वाट बघत बसतो. टकला आला की ती काउंटरखाली वाकून हसते. हे दुसऱ्या कोणाबरोबर कसं करणार? मुलगा खुर्ची ठेवतो आणि म्हणतो, आई, ऊन लागेल.

सूनबाईनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलेल. तिचीही पोटची पोर आहे, तिलाही जाऊ द्यायचं नसेल. तिनं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाली, "पुढे सांगा, आई." पुढे काही नव्हतं.

२० नोव्हेंबर

सांगण्यासारखं काही नाही. गिऱ्हाईक कमी. झोपही कमी.

२२ नोव्हेंबर

लाल बांधली.

सकाळी भिंगरी खुर्ची ठेवायला वाकली तेव्हाच मनगट धरलं. गाठ दोनदा सुटली. तिनं विचारलं, "आणि डाव्या पायाचं?"

म्हटलं, "पायात काही नव्हतं. मीच लबाडी केली. तू जाशील म्हणून."

मला वाटलं रडेल, नाहीतर रागावेल. तिनं माझा गाल ओढला, मी तिचा लहानपणी ओढायचे तसा. म्हणाली, परवा दुकानाची गाडी घेऊन तुला टेकडीवर नेते. दोरी बांधलीस, आता तिथे मी काय करते ते बघ तरी. मी म्हटलं, माझे गुडघे? तर म्हणते, डावा कच्चा आहे की उजवा?

कार्टी.

२४ नोव्हेंबर

टेकडीवर जाऊन आले. गाडी वरपर्यंत गेली. सासूबाईचं पाणी मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. नावाला जागते बाई! खडकांच्या मधोमध एक वाट आहे, माजघराच्या दाराएवढी, आणि लाट आली की तीही झाकली जाते. भिंगरी त्या दारातून चार वेळा आत-बाहेर झाली. मी डोळे मिटले नाहीत.

कठड्याशी गळ टाकून एक म्हातारा बसला होता. सरकून मला जागा दिली. म्हणाला, "तुम्ही तिच्या आजी ना? रोज उजाडायच्या आधी येते हो. दोन वर्षं झाली. पाऊस असो, वारा असो. मी गळ टाकतो, ती फळी टाकते."

मी म्हटलं, दोन वर्षं?

म्हणजे पोरीला तिच्या डाव्या पायाचं सगळं ठाऊक होतं. तरी बारा दिवस बगळा झाली.



आत्ता सूनबाईला विचारलं, तुला ठाऊक होतं का गं? तर म्हणते, "सांगू की लिहू?" म्हटलं, लिही.

ठाऊक होतं, आई. ह्यांनाही. शाळेला 'हो' आठ तारखेलाच कळवलंय. भिंगरी म्हणाली होती, आजीची तयारी होईपर्यंत कोणी बोलायचं नाही.