अवधाण शे!

धुळे,
११ नोव्हेंबर २०२५

सौ. अक्कास,
सुनंदाचा नमस्कार. चाळीसगावात थंडी पडली का? इथे लग्नसराईच्या पुरणमांड्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला पुरतं बोलू देशील तेव्हा ना!

मांडे टाकताना तापल्या खापरानं मनगट भाजलं आणि काखेत गोळा आला, आठवतं? तू म्हणालीस, "अवधाण शे, मिठानं शेक." जखम झाली की काखेत अवधाण येतंच, मलाही तेच वाटलं. मनगट बरं झालं, गोळा काही हलेना. मग सोनोग्राफी केली. छातीतही गाठ निघाली. दोन्हीकडचा तुकडा सुईनं काढून तपासला. कॅन्सर आहे, अक्का. काखेतही पोचलाय.

बस जरा. पाणी पी.

डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळ्यांच्याच काखेत बारीक गाठी असतात, चाळणीसारख्या. हाताची घाण अडवतात तशी छातीचीही. आमचे हे लगेच म्हणाले, "बठ्ठं काढी टाका!" बाई म्हणाल्या, सगळं लगेच नाही काढायचं. आत्ताच कापलं तर काखेतल्या बहुतेक सगळ्या गाठी जातील, हात जन्मभर सुजू शकतो, चटकासुद्धा लागू द्यायचा नाही. त्यापेक्षा काखेतल्या गाठीत खुणेची बारीक क्लिप ठेवायची आणि आधी केमो घ्यायची. गाठ विरली, तर ऑपरेशनात खुणेची आणि सोबतच्या दोन-चारच काढून तपासायच्या. नाही विरली, तर सगळ्या. केमो माझ्या आजारात तशीही लागणारच, आधी घेतल्यानं जिवाचा धोका वाढत नाही, असं त्या म्हणाल्या.

केस जाऊ देत मेले! मांडा दोन्ही हातांवर खेळवणारी बाई मी, मला हात हवाय. पण यांना वाटतं, मी हातासाठी जीव घालवतेय. दुसऱ्या डॉक्टरकडे सोमवारचं ऑपरेशन ठरवून आलेत. ते तुझंच ऐकतात, म्हणून रविवारी ये आणि माझ्या बाजूनं बोल.

एक सांगायचं टाळत होते. उशीर तुझ्यामुळे झाला, असं हे रागात बोलून गेलेत. तू मनाला लावून घेशील आणि यायचीच नाहीस, ही मला धास्ती. बाईंना मुद्दाम विचारलं. शेकल्यानं कॅन्सर वाढत नाही. आणि थांबले मी माझ्या अकलेनं. यांना बजावलं, "अक्काला एक शब्द बोललात तर गाठ माझ्याशी आहे!" म्हटलं, आणि माझं मलाच हसू फुटलं. मग रडूच आवरेना.

ये गं. मला फार भीती वाटते.

तुझ्या पाठची,
सुनंदा