टेपवरचा खोकला

३ जानेवारी, सोमवार
आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि भरपूर ऊन येणारी भाड्याची खोली. आई गेल्यापासून घरात भिंतींशी बोलत होते. दादा म्हणाला, बाहेर पड, नाहीतर भिंती उत्तरं द्यायला लागतील. काम सभागृहाच्या तळघरात. तीस वर्षांपूर्वीच्या मैफली काड्यापेटीपेक्षा जरा मोठ्या डिजिटल टेपांवर आहेत, त्या खराब व्हायच्या आत डिस्कवर उतरवायच्या. एकूण दोनशे बारा. व्यवस्थापक भले आहेत. माझ्या आधीचे गृहस्थ एकशे चाळीस टेप उतरवून न सांगतासवरता निघून गेले, तुम्ही तसं करू नका, असं हसत म्हणाले.

५ जानेवारी, बुधवार
या कामात घाई चालत नाही. दोन तासांची मैफल उतरायला दोन तासच लागतात. टेपच्या यंत्रातून निघालेली वायर थेट डिस्कच्या यंत्रात जाते. मी हेडफोन लावून बसते आणि कुठे खरखर आली त्याची वेळ वहीत टिपते. दिवसभर बोलायला कुणी नाही, पण कानात आठशे माणसं! त्यांनी टाळ्या वाजवल्या की मीही वाजवते. कॅन्टीनच्या मावशी म्हणाल्या, बाई, तुमचा आवाज पार जिन्यापर्यंत येतो. येणारच. अकरा वर्षं बहिऱ्या आईशी बोलले आहे मी.

७ जानेवारी, शुक्रवार
सर्दीने बेजार. कालची डिस्क तपासताना व्हायोलिनच्या संथ तुकड्यात कुणीतरी खोकलं. तीनदा, आणि मग दाबलेली शिंक. काल मी अशीच खोकले होते. वहीत लिहिलंय : एकेचाळिसावं मिनिट, खोकल्यामुळे नीट ऐकलं नाही. डिस्कवरही एकेचाळिसावंच. मूळ टेप लावून पाहिली. तिच्यावरही आहे.
या खोलीत मायक्रोफोन नाही.

१० जानेवारी, सोमवार
टेप चालू असताना मुद्दाम टेबलावर किल्ली आपटली. डिस्कवर ती वाजली. लांबून, मोठ्या दालनात घुमावी तशी.
पण इथे, टेबलावर, तिचा आवाज झालाच नव्हता.

११ जानेवारी, मंगळवार
मावशींना तीन हाका मारल्या. वळल्या नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकल्या. म्हणाल्या, घसा बसलाय का हो, नुसते ओठ हलतायत. व्यवस्थापकांना चिठ्ठी लिहिली, मला हे काम नको. ते म्हणाले, आधी डॉक्टरांना दाखवा, चार दिवस आराम करा.

१३ जानेवारी, गुरुवार
डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

१६ जानेवारी, रविवार
दादाचा फोन. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. तो नुसता हॅलो, हॅलो करत राहिला. शेवटी म्हणाला, "चिमे, रागावलीस का गं? एकदा तरी बोल." रडत होता. मग ठेवला.

१७ जानेवारी, सोमवार
आवाज कुठे गेला ते मला ठाऊक आहे. म्हणूनच आले. आजवर न लावलेली टेप लावली. मध्यंतराच्या गलबल्यात — मी. दादा, मी आहे रे, ऐक ना. कालचं माझं बोलणं, शब्दन्‌शब्द.
मग अगदी माझ्या कानाशी एका पुरुषाचा आवाज. दमलेला. ओरडू नका, म्हणाला, इथलं तिकडे जात नाही. मीही पुष्कळ ओरडलो. एकशे चाळीस टेपा ओरडलो.

१८ जानेवारी
यंत्र बंद होत नाही. वायर उपटली, तरी —
चालते तर पावलं वाजत नाहीत. हेडफोनमध्ये वाजतात —

मावशी आल्या. दारातच उभ्या. खोलीभर पाहिलं. माझ्याकडे, माझ्यातून पलीकडे — व्यवस्थापकांना हाक मारून म्हणाल्या, याही बाई गेल्या वाटतं, न सांगता —
मी किंचाळले. हेडफोनमध्ये मोठ्यानं घुमलं आणि आठशे माणसं एकदम म्हणाली, शूऽऽ —

दिवा मालवला. मावशी, मी इथे — कुलूप नका लावू, मी अजून